मोजून मारण्यापासून न मारण्यापर्यंत

मुलाला मारू नये हा विचार जुना आहे. मुलाला मारण्याचा अधिकार कोणालाच नाही हा विचार मात्र एखाद्या देशाच्या कायद्यात स्पष्टपणे उतरल्याला अजून अर्धशतकही पुरे झालेले नाही. वरवर पाहता या दोहोंत फारसे अंतर दिसत नाही, परंतु पहिल्या विचाराचा सगळा भर मोठ्या माणसाच्या संयमावर, दयेवर आणि विवेकावर असतो, तर दुसऱ्याचा भर मुलाचे शरीर हे त्याचे स्वतःचे आहे या तत्त्वावर असतो, आणि जगातील साठांहून अधिक देशांनी गेल्या काही दशकांत केलेला प्रवास हा मुख्यतः पहिल्याकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास आहे. भारत या वाटेवर निम्म्यात थांबला आहे. तो का आणि नेमका कोठे थांबला हे समजून घ्यायचे तर युरोपातील ठराव आणि दिल्लीतील कायदे वाचून भागत नाही. वऱ्हाडातील चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी एका मुलाच्या दिवसभरात कायदा किती वेळ त्याच्या सोबत असतो आणि कोणत्या उंबरठ्यावर त्याची साथ सोडतो, हेही पाहावे लागते.

‘शारीरिक शिक्षा’ या संज्ञेची आज सर्वाधिक मान्य असलेली व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००६ साली केली. बालहक्क संहितेच्या कलमांचा अर्थ उलगडून सांगण्यासाठी ही समिती वेळोवेळी ‘सर्वसाधारण भाष्य’ प्रसिद्ध करते. त्यांपैकी आठव्या भाष्यात असे म्हटले आहे की, जिच्यात शरीरबळाचा वापर होतो आणि मुलाला काही प्रमाणात का होईना वेदना किंवा त्रास व्हावा असा हेतू असतो, अशी प्रत्येक शिक्षा, मग ती कितीही सौम्य असो, शारीरिक शिक्षा होय. धावत्या गाडीसमोर गेलेल्या मुलाला दंड धरून मागे खेचणे या व्याख्येत बसत नाही, कारण तेथे हेतू रक्षणाचा आहे. परंतु त्याला मागे खेचल्यावर वर एक ठेवून दिली, तर ती मात्र बसते. व्याख्येतील ‘कितीही सौम्य’ हे शब्द निर्णायक आहेत, कारण त्यांच्या आधीच्या दोन हजार वर्षांत माणसाने या विषयावर जे काही नियम केले ते जवळपास सगळे सौम्य आणि कठोर यांच्यातील रेघ कोठे ओढावी याविषयीचे होते.

भारतीय परंपरेत ही रेघ फार लवकर ओढली गेली. शिष्याला न मारता वळण लावावे, ते अगदीच जमले नाही तर बारीक दोरीने किंवा बांबूच्या चिरलेल्या कामटीने मारावे, आणि याखेरीज अन्य कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा, असा नियम गौतम धर्मसूत्रात आहे. म्हणजे मूळ नियम न मारण्याचा आणि मारणे हा अपवाद, अशी त्याची रचना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तीच दोरी आणि तीच कामटी पुन्हा येते, पण रचना उलटी होते: पत्नी, पुत्र, दास, सेवक (काही पाठांत शिष्य) आणि सख्खा धाकटा भाऊ यांनी अपराध केल्यास त्यांना मारावे, मात्र पाठीवर मारावे, डोक्यावर कधीही मारू नये, आणि हा नियम मोडणाऱ्यास चोराइतका दोष लागतो. पहिली पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे ताडन आणि सोळावे लागले की मित्रासारखे वागवणे, असे वेळापत्रक सांगणारा चाणक्याच्या नावावरचा श्लोक तर आजही पालक सभांतून कौतुकाने ऐकवला जातो. या सगळ्यात मुलाविषयी निर्दयता आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात साधनाचे, जागेचे आणि वयाचे माप आहे, आणि माप घालणे ही त्या काळाच्या मानाने दयाच होती. पण ज्याला माप घालून दिले जाते त्या कृतीला मान्यताही त्याच मापाने मिळत असते.

इंग्रजी कायद्याने हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत केली. १८६० साली इंग्लंडमध्ये टॉमस हॉप्ली नावाच्या शिक्षकाच्या मारहाणीत एक विद्यार्थी मरण पावला, तेव्हा हॉप्लीला शिक्षा झाली, पण त्याच खटल्यात न्यायालयाने असे तत्त्व सांगितले की, पालकाला आणि पालकाने अधिकार सोपवलेल्या शिक्षकाला मुलाला माफक आणि वाजवी मार देण्याचा हक्क आहे. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता संमत झाली. तिच्या ८९ व्या कलमानुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाने स्वतः किंवा पालकाच्या संमतीने केलेल्या कृतीतून मुलाला इजा झाली तरी ती कृती गुन्हा ठरत नसे. जाणूनबुजून केलेली गंभीर दुखापत मात्र, जीव वाचवण्यासाठी किंवा व्याधी बरी करण्यासाठी केलेली नसेल तर, या संरक्षणात येत नसे. हे कलम रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होते हे कलमाखाली दिलेल्या उदाहरणावरून कळते: मुलाच्या संमतीवाचून बापाने शल्यवैद्याकडून त्याच्या मुतखड्याची शस्त्रक्रिया करवली, तर बापाला दोषी धरू नये, असे ते उदाहरण आहे. शस्त्रक्रियेसाठी केलेल्या या तरतुदीचा आसरा पुढे छडीने घेतला. मूल शाळेत पाठवले यातच पालकाची गर्भित संमती, म्हणजे शब्दांत न सांगितलेली पण वागण्यातून गृहीत धरता येणारी संमती, आली असे मानून, आणि मूल बारा वर्षांहून मोठे असल्यास शेजारच्या ८८ व्या कलमाच्या आधाराने, ब्रिटिश अमदानीतील आणि नंतरच्याही काही उच्च न्यायालयांनी शिक्षकांना दोषमुक्त केले. १९४९ साली निर्णयसंग्रहात आलेला मुंबई उच्च न्यायालयाचा घाटगे खटला याच परंपरेतला आहे.

वऱ्हाडचा कारभार १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १८६७ पर्यंत मुंबईचा लोहमार्ग नागपूरला जाऊन भिडला. जिल्ह्यातल्याच चांदूर बाजारपासून वेगळे ओळखता यावे म्हणून स्थानकाच्या चांदूरला ‘रेल्वे’ हे उपपद चिकटले ते याच मार्गामुळे. नव्या राजवटीबरोबर सरकारी शाळा, हजेरीपट, तपासनीस आणि परीक्षा आल्या, पण शिक्षेचे प्रकार बव्हंशी पंतोजींच्या शाळेतलेच पुढे चालू राहिले: तळहातावर छडी, पेरांवर फूटपट्टी, कान पिळणे, अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे, उठाबशा, भर उन्हात मैदानात उभे ठेवणे. छडीच्या आवाजाचे आणि विद्येच्या घमघमाटाचे यमक जुळवणारी म्हण ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण, आणि तिचा गोडवा असा की मार खाल्लेलेच ती पुढच्या पिढीला हसत हसत सांगतात. छडी सर्वांच्या हातावर सारखी पडत नव्हती हे मात्र त्या म्हणीत नाही. कोणत्या मुलाला चुकीबद्दल मारले जाई आणि कोणत्या मुलाला तो वर्गात आलाच कशाला म्हणून मारले जाई, हा फरक १९७० नंतरच्या दलित आत्मकथनांनी मराठी वाचकासमोर उघडपणे मांडला.

मराठी भागात छडीला पहिला वैचारिक विरोध कायद्यातून आला नाही, तो बालशिक्षणातून आला, आणि त्याचा एक धागा अमरावतीतून जातो. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. मारिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातील तत्त्वे गिजुभाई तेथे भारतीय मुलांसाठी नव्याने घडवत होते. दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडला नेऊन अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी पाड्यांत अंगणवाडी आणि कुरणशाळा उभ्या केल्या. शिक्षा आणि बक्षीस या दोन्हींवाचून मूल शिकते, किंबहुना त्यांच्यामुळेच त्याचे शिकणे बिघडते, ही या मंडळींची भूमिका होती, आणि ती त्यांनी व्याख्यानांपेक्षा शाळा चालवून सिद्ध केली.

चांदूरहून नागपूरकडे जाणारी गाडी धामणगाव आणि पुलगाव मागे टाकून वर्ध्याला पोचते. तेथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम, म्हणजे हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची गांधीजींची योजना, पुढे आली. शारीरिक शिक्षेला गांधीजींचा विरोध होता. तरीही आत्मकथेत त्यांनी टॉलस्टॉय फार्मवरील एका दांडगट विद्यार्थ्याला आपण एकदा रूळ मारल्याची आणि मारताना आपणच थरथरल्याची हकीकत प्रांजळपणे नोंदवली आहे. आपण आपल्यातील आत्मतत्त्व दाखवले की पशुत्व, हा प्रश्न त्यांना नंतरही छळत राहिला. या हकीकतीचे मोल मोठे आहे, पण तिचा केंद्रबिंदू शिक्षकाचा आत्मा आहे. मारल्याने शिक्षकाचे काय होते हे तिच्यात आहे, मुलाचा हक्क कोणता होता हे नाही.

मराठी घरातली स्थिती याहून गुंतागुंतीची होती. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील आई मराठी मनातील वात्सल्याची परमावधी मानली जाते, आणि तीच आई पोहायला जाण्याची भीती वाटून माळ्यावर दडून बसलेल्या श्यामला ओढून काढून मारते. संध्याकाळी तिच्याच डोळ्यांत पाणी येते, आणि मुलाला भित्रा म्हणवून घ्यावे लागू नये म्हणून आपण मारले असे तिचे म्हणणे असते. सानेगुरुजींचे हे लेखन प्रामाणिक आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी त्यातून जो अर्थ उचलला तो असा की, प्रेमाने मारलेले मारणे नसतेच. या एका समजुतीने मारकुट्या बापांपेक्षाही अधिक नुकसान केले आहे, कारण मारकुट्या बापाला गाव नावे तरी ठेवतो. प्रेमळ माणसाच्या माराला मात्र कोणी प्रश्न विचारत नाही, आणि मार खाणारे मूलही मारणे आणि प्रेम करणे एकाच हाताने होते असे शिकून मोठे होते.

हा प्रश्न पहिल्यांदा कायद्याने विचारला तो स्वीडनने, आणि तोही एका झटक्यात विचारला नाही. १९५७ मध्ये स्वीडनच्या दंडविधानातून पालकांच्या किरकोळ मारहाणीला माफी देणारी तरतूद काढली गेली, १९५८ पासून प्राथमिक शाळांतील मार बंद झाला, १९६६ मध्ये पालकत्वविषयक कायद्यातून पालकांचा ताडनाचा उरलासुरला अधिकारही वगळला गेला. कायद्यात परवानगी उरली नाही, पण मनाईही आली नाही, अशी तेरा वर्षे गेली. आणि या काळात मारण्याचा हक्क अजूनही आहे अशीच पुष्कळ पालकांची समजूत राहिली. बालसाहित्यिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी १९७८ साली फ्रँकफर्ट येथे शांतता पारितोषिक स्वीकारताना युद्धाची मुळे पाळणाघराइतक्या जवळ शोधावी लागतात अशा आशयाचे भाषण केले, त्याने वातावरण तापले. पुढच्याच वर्षी स्वीडिश संसदेने २५९ विरुद्ध ६ मतांनी पालकत्वाच्या कायद्यात मुलाला शारीरिक शिक्षा किंवा अन्य मानहानिकारक वागणूक देता येणार नाही अशी तरतूद घातली आणि १ जुलै १९७९ पासून ती अमलात आली. या तरतुदीची जागा लक्षात घेण्याजोगी आहे: ती फौजदारी कायद्यात नाही, नागरी कायद्यात आहे, आणि तिच्यासोबत कोणतीही शिक्षा जोडलेली नाही. सरकारने घरोघरी माहितीपुस्तिका वाटल्या आणि दुधाच्या खोक्यांवरही तो मजकूर छापला, म्हणजे सकाळी न्याहारीच्या वेळी आईबाप आणि मुले तो एकत्रच वाचतील. बापाला तुरुंगात घालणे हा उद्देश नव्हता. मारणे हा पालकत्वाचा भाग नाही, एवढे राज्याने जाहीर सांगणे हा होता.

त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे नेमका उलटा निर्णय झाला होता. क्रूर शिक्षेविरुद्ध अमेरिकी राज्यघटनेने दिलेले संरक्षण तुरुंगातील गुन्हेगारासाठी आहे, शाळेत फळीने मार खाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरवले, आणि काही राज्यांत तो मार आजही कायदेशीर आहे. युरोपात मात्र १९७८ च्या टायरर खटल्यात मानवी हक्क न्यायालयाने एका पंधरा वर्षांच्या मुलाला न्यायालयीन आदेशाने दिलेल्या फटक्यांना मानहानिकारक ठरवून वेगळी दिशा दाखवली. फिनलंड १९८३, नॉर्वे १९८७, ऑस्ट्रिया १९८९ असे स्वीडनचे अनुकरण होत असतानाच २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली गेली, तिच्या १९ व्या कलमाने मुलाला सर्व प्रकारच्या शारीरिक आणि मानसिक हिंसेपासून संरक्षण देण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर घातले, आणि पुढील काळात जर्मनी (२०००), न्यूझीलंड (२००७), केनिया (२०१०), फ्रान्स (२०१९), जपान (२०२०), दक्षिण कोरिया (२०२१) असे एकमेकांशी फारसे साम्य नसलेले देश एकाच निष्कर्षाला आले. दक्षिण आशियात हा मान २०१८ मध्ये नेपाळने मिळवला. ज्या इंग्लंडने ‘माफक आणि वाजवी’ हे माप जगभर पाठवले, त्याच्या शेजारच्या स्कॉटलंडने ते २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये टाकून दिले. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र २००४ च्या कायद्याने त्याला थोडी कात्री लावून घरापुरते जपून ठेवले आहे.

या देशांत लोकमत आधी बदलले आणि मग कायदा आला, असा समज असेल तर न्यूझीलंडचे उदाहरण तो दूर करते. कायदा झाल्यानंतर दोन वर्षांनी घेतलेल्या सल्लात्मक जनमत चाचणीत सुमारे ८७ टक्के मतदारांनी बंदीच्या विरोधात कौल दिला आणि तरीही सरकारने कायदा ठेवला. बहुमताचा प्रश्न येथे थोडा विचित्रच आहे, कारण ज्यांच्या अंगाचा हा विषय आहे त्यांना मत नसते.

भारताने बालहक्क संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. त्याआधी १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून ठामपणे वगळली जाईल असे म्हटले होते, पण धोरण म्हणजे सरकारचा संकल्प; त्याच्या भंगाबद्दल कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. प्रत्यक्षात काय लागू होते हे दिल्लीच्या १९७३ च्या शाळा नियमावलीवरून दिसते: आजारी विद्यार्थ्याला मारू नये, इजा होईल असे मारू नये, आणि छडी वापरायची तर ती तळहातावर, फार तर दहा वेळा. दोरी, कामटी आणि पाठ यांच्या जागी छडी, दहा आणि तळहात आले, इतकाच बदल. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने समानतेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन हा नियम रद्द केला, आणि मोजून मारणे घटनाविरोधी ठरवणारा हा निकाल भारतातील या विचाराचा खरा वळणबिंदू म्हणावा लागेल. २००३ मध्ये गोव्याने आपल्या बालक कायद्याने सर्व शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आणि शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे आढळले. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने १ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली, आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनी बाकावर उभे करणे, ओणवे करणे, कोंबडा करणे यांची नावे घेऊन आणि जातीवरून, गरिबीवरून किंवा अपंगत्वावरून केलेला भेदभावही याच व्याख्येत घेऊन आत्मकथनांनी मांडलेल्या जुन्या तक्रारीला प्रथमच शासकीय भाषेत जागा दिली.

कायदा झाला तरी माप मनातून गेले नाही, हे गोव्यातीलच एका प्रकरणात दिसते. पाच आणि आठ वर्षांच्या दोन बहिणींना शाळेत पट्टीने मारल्याच्या २०१४ च्या घटनेत बाल न्यायालयाने शिक्षिकेला एक दिवसाची कैद आणि एक लाख रुपये दंड सुनावला. २०२३ च्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि शिस्तीसाठी शिक्षकाने केलेली सर्वसाधारण सुधारणा हा गुन्हा मानता येणार नाही असे मत नोंदवले. दंडाची रक्कम त्या प्रसंगाला जड होती असे म्हणता येईल, पुराव्याविषयीही मतभेद असू शकतात. पण बंदीला वीस वर्षे होत आल्यावरही न्यायालयीन युक्तिवाद ‘किती’ आणि ‘कशासाठी’ याच जुन्या प्रश्नांभोवती फिरावा, हे त्या बंदीच्या दुबळेपणाचे लक्षण आहे. शिक्षेचा कायदा करून थांबले आणि दुधाच्या खोक्याचे काम केले नाही, तर असेच होणार.

आता चांदूर रेल्वेतील एका मुलाचा विचार करावा. सहा ते चौदा वयात, नगरपरिषदेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी शाळेच्या आवारात असेपर्यंत १७ वे कलम त्याच्या पाठीशी उभे असते, आणि ते मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. ते मूल पाच वर्षांचे असून अंगणवाडीत असेल, किंवा पंधराव्या वर्षी दहावीच्या वर्गात असेल, तर हे कलम त्याला लागू नाही. शाळा सुटल्यावर ते शिकवणीला गेले तर शिकवणी ही त्या कायद्याच्या अर्थाने शाळा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या बाहेर काढल्या आहेत. बालगृहात किंवा निरीक्षणगृहात असलेल्या मुलाला बाल न्याय कायदा, २०१५ चे ८२ वे कलम संरक्षण देते आणि तेथील कर्मचाऱ्याने पहिल्यांदा मारल्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याचे ७५ वे कलम मुलाला अनावश्यक यातना देणाऱ्या कोणत्याही ताबेदाराला लागू होते, पण ‘अनावश्यक’ या शब्दाने माप पुन्हा मागच्या दाराने आत येते. आणि संध्याकाळी मूल घरी पोचले की कायदा थेट जुन्या ८९ व्या कलमातल्या, आजही नव्या क्रमांकाने चालू असलेल्या, तरतुदीपाशी जाऊन बसतो. २००७ च्या त्याच पाहणीत कुटुंबात मार सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे स्वतः आईवडील होते. म्हणजे घरात मारणारे हात मुख्यतः आईवडिलांचेच आहेत आणि तेथे कायदा नाही, आणि लहानात लहान मूल, जे पळू शकत नाही व सांगू शकत नाही, ते सर्वात उघड्यावर आहे. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे ४० कोटी मुले, म्हणजे दर दहांतील सहा, घरात नेमाने शारीरिक शिक्षा किंवा मानसिक आक्रमकता सोसतात.

घरापर्यंत कायदा नेण्याला वऱ्हाडात जे आक्षेप घेतले जातील त्यांपैकी एक मनापासून विचारात घ्यावा असा आहे. दिवसभर निंदणाला गेलेली आई आणि सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या भावाने पोळलेला बाप संध्याकाळी मुलावर हात उगारतात तेव्हा त्यांच्यावर पोलीस पाठवणे म्हणजे दुसरा अन्याय, हा तो आक्षेप. त्याच्याच जोडीला साठ मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळणारे गुरुजी विचारतात की छडी काढून घेतली, पण तिच्या जागी काय दिले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींचे उत्तर स्वीडनच्या कायद्याच्या रचनेत आहे, कारण त्याने पालकाला गुन्हेगार ठरवण्याऐवजी राज्यावर शिकवण्याची जबाबदारी टाकली. मारल्याशिवाय पोरगं सुधारत नाही, हा तिसरा आक्षेप मात्र अनुभवाच्या नावाने केला जात असला तरी अनुभवावर टिकत नाही. अमेरिकी संशोधक एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्रू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पाच दशकांतील, सुमारे १ लाख ६० हजार मुलांविषयीचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा चापटी मारण्याचा मुलाच्या वागण्याशी किंवा मनःस्वास्थ्याशी एकही हितकारक संबंध त्यांना आढळला नाही, उलट आक्रमकता आणि मानसिक अडचणी यांच्याशी संबंध आढळला. अर्थात या संशोधनावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. मारल्याने खरोखर गणित सुटू लागले असते, तरी ते मारण्याचे समर्थन ठरले नसते; नोकराला मारल्याने काम लवकर होते म्हणून कोणी नोकराला मारण्याची मुभा मागत नाही.

मनुस्मृतीच्या त्या यादीतील माणसांचे पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे मुलाची स्थिती स्पष्ट होते. दासाला कायद्याने मोकळे करण्याची सुरुवात १८४३ च्या गुलामगिरीविषयक कायद्याने झाली. पत्नीवरील क्रूरता १९८३ मध्ये दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा झाली आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला घराच्या आतही संरक्षण मिळाले. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या चोरालाही फटके मारण्याची शिक्षा १९५५ च्या कायद्याने संपली. कोणताही अपराध सिद्ध न होता ज्याच्या अंगावर हात टाकणे आजही कायद्याला चालते, असा त्या यादीतला एकच उरला आहे.

दंड संहिता बदलण्याची संधी आली तेव्हाही हा एक तसाच राहिला. वसाहतकालीन कायद्याचे ओझे उतरवण्याची घोषणा करून आणलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली, आणि जुने ८९ वे कलम तिच्यात २७ वे म्हणून, बारा वर्षांच्या मर्यादेसह, जसेच्या तसे उतरले. शस्त्रक्रियेसाठी त्याची गरज आजही आहे, म्हणून ते काढून टाकण्याचे कारण नाही; शिस्तीसाठी किंवा शिक्षा म्हणून दिलेली कोणतीही शारीरिक वेदना या कलमाच्या अर्थाने मुलाचे हित मानली जाणार नाही, असे एका वाक्याचे स्पष्टीकरण त्याखाली घालणे पुरेसे आहे. पालकाची कर्तव्ये सांगणाऱ्या १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात, शिक्षेची तरतूद न जोडता, मुलाला न मारण्याचे कर्तव्य लिहिता येईल, आणि ते प्रत्येक अंगणवाडीत व प्रसूतिगृहात मराठीतून सांगण्याचा खर्च महिला व बालविकास विभागाच्या अंदाजपत्रकात बसवता येईल. या दोन दुरुस्त्यांचे विधेयक संसदेत मंत्री नसलेला कोणताही सदस्य खासगी विधेयक म्हणून मांडू शकतो. विदर्भातून निवडून गेलेल्या खासदारांनी ते मांडावे.